भिंतीला कावीळ

शरणपूर, नाशिक
२ ऑक्टोबर १९३६

प्रिसिला,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. घाईत राहून गेलं असं समजू नकोस.

इतक्या वर्षांत तू मला नाताळची दोन-चार कार्डं आणि एक तार पाठवलीस. तुझं अक्षर मी विसरत चालले होते आणि त्याचं मला काही वाईट वाटत नव्हतं. पण या पावसाळ्यापासून ते अक्षर दर पंधरा दिवसांनी माझ्या दारात येतं आहे, आणि तेही माझ्या नावाने नाही, हन्नाच्या नावाने. आमचा पोस्टमन यादव लिफाफा देताना हल्ली हसतो. “बाई, आईची डाक आली,” म्हणतो. जणू मी या घरात भाडेकरू आहे.

मी हन्नाची पत्रं वाचत नाही. कॉन्व्हेंटात आपली पत्रं मदर सुपीरियर आधी स्वतः वाचायच्या आणि मग आपल्याला द्यायच्या. तेव्हाच मी ठरवलं होतं की मोठी झाल्यावर दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही. पण तुझी पत्रं उघडावीच लागत नाहीत. ती मला माझ्या भिंतींवर वाचायला मिळतात.

जूनमधल्या पत्रानंतर माझ्या खिडक्यांचे लेसचे पडदे उतरले आणि त्या जागी गोणपाट आलं. साखरेचं पोतं, प्रिसिला! धुऊन, शिवण उसवून, त्यावर लाल आणि निळ्या लोकरीने बोटाएवढ्या फुल्या घातलेलं. पुढच्या पत्रानंतर छताच्या तुळईला वाळलेले भोपळे टांगले गेले. त्याच्या पुढच्या पत्रानंतर माझ्या टेबलावरची पितळी फुलदाणी फडताळात गेली आणि कुंभाराकडचं मडकं आलं, गेरूने रंगवून त्यावर तांदळाच्या पिठाचे ठिपके दिलेलं. त्यात गुलाब नाहीत. नदीकाठचं वाळकं गवत आहे. आमच्या गावात ते म्हशी खातात.

मी काही विचारलं की उत्तर ठरलेलं: “आई लिहिते की निसर्गातल्या वस्तूंनी घर मोकळा श्वास घेतं.” घर श्वास घेत नसतं. मी घेते, आणि मला दमा आहे, आणि गोणपाटाच्या धुळीत मला तोही नीट घेता येत नाही.

आता मुद्द्याचं. काल जेवताना हन्ना ताटाकडे बघत म्हणाली, “मावशी, आईने नाताळला मुंबईला बोलावलंय.” मी म्हटलं, “आणि?” तर म्हणाली, “आणि नंतरही तिथेच राहा म्हणते.”

म्हणजे भोपळ्यांची ही वाट तुझ्या घरापर्यंत जाते तर. चार वर्षांची पोर तू माझ्या ओट्यावर आणून सोडलीस, कारण तुझ्या मिस्टरांना आपल्या नव्या संसारात पहिल्या नवऱ्याचं मूल नको होतं. तिचा गोवर मी काढला. तिची बाराखडी मी घेतली. आता ती एकोणीस वर्षांची झाली, हाताने हुशार निघाली, दिसायलाही बरी आहे, तेव्हा तुला आठवण झाली की आपण तिची आई आहोत.

हन्ना या घरातून मुंबईला जाणार नाही. एवढं एक वाक्य लक्षात ठेव. बाकीचं पत्र फाडलंस तरी चालेल.

दोर्कस


शरणपूर, नाशिक
१९ ऑक्टोबर १९३६

प्रिसिला,

तुझं उत्तर मिळालं. पाच पानं आहेत. चार पानं तू माझं पत्र वाचून किती रडलीस यावर आहेत आणि पाचवं माझ्या ‘जुनाट, गुदमरलेल्या’ आवडीनिवडीवर. अश्रूंनी शाई कुठेही फुटलेली नाही, म्हणून पाचव्या पानालाच उत्तर देते.

होय, माझ्या खुर्च्यांच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल असतात. तेलकट डोकी टेकून खुर्च्यांना डाग पडू नयेत म्हणून असतात. होय, माझ्या कपाटात चिनी मातीची दोन कुत्री आहेत. ती मला मुलींनी निवृत्तीच्या दिवशी दिली. मी एकतीस वर्षं शाळेत शिवण आणि चित्रकला शिकवली, प्रिसिला. शोभा म्हणजे काय हे मला मुंबईच्या मासिकात लेख लिहायला निघालेल्या बाईकडून शिकायचं नाही, आणि ज्या बाईला कॉन्व्हेंटात साध्या मोज्याची टाच वळवता आली नाही तिच्याकडून तर नाहीच. ती टाच तुझी कोणी वळवली, हे सिस्टर अगाथांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तू विचारतेस, हन्नाला ही कामं मनापासून आवडतात की नाही. आवडतात. हेच तर दुखणं आहे.

परवा ती ओट्यावर बुरडाकडून आणलेल्या कामट्या सोलत बसली होती. दिव्यावर घालायची आणखी एक टोपी विणायची होती म्हणे. मी आत चालले होते.

“मावशी, हे टोक जरा धर ना.”

“मला चष्मा लागतो आणि तुला आई लागते. दोघींनी आपापलं धरावं.”

ती हसली. “सकाळपासून मिरच्या खातेयस का?”

“मी रोजच खाते.”

“माहितीय. म्हणून तर हे घर मी थोडं गोड करतेय.”

मी टोक धरलं. दुसरं कोणी नव्हतं धरायला. तेवढ्यात आमच्या पलीकडच्या मळ्यातली सगुणाबाई दूध घेऊन आली आणि दारातच थबकली. वर टांगलेल्या भोपळ्यांकडे बघत म्हणाली, “बाई, येवढं भोपळं कशापायी टांगलं? इकायचं हाय का?”

“शोभेचे आहेत,” मी म्हटलं.

“शोभंला भोपळा?” तिने पदर तोंडाला लावला. “आमच्यात दारावर दिष्टीसाठी टांगत्यात. तुमाला कुनाची लागली वं?”

“मुंबईची.”

हन्ना इतकी हसली की कामटी तिच्या हातातून सुटून माझ्या मनगटाला लागली. अजून ओरखडा आहे. तुझ्या खात्यावर मांडून ठेवते.

दुपारी ऊन आलं की त्या गोणपाटातल्या फुल्यांची सावली फरशीवर पडते आणि हळूहळू भिंतीकडे सरकते. हे तुला सांगायचं खरं तर काही कारण नाही.

आता तुझ्या नव्या पत्राबद्दल. बैठकीच्या खोलीची समोरची भिंत समुद्राच्या रंगाची करायची, चुन्याच्या निवळीत मोरचूद विरघळवून, अशी कृती तू पाठवलीस. हन्नाने मला ती मोठ्याने वाचून दाखवली. मोरचूद आमच्या सगुणाबाईचा नवरा द्राक्षांच्या वेलीवर फवारतो, हे तुला माहीत नसेल. असो. हन्ना म्हणाली, “आई म्हणते मुंबईत लोक असल्या कामासाठी घरी बोलावतात. ही भिंत जमली तर मला कळेल की मला हे येतं. मग मी जाईन, मावशी. नाही जमली तर नाही.”

मी म्हटलं, “कर.”

तू चकित होशील. तीही झाली. मी एकच अट घातली: बाजारातून सामान मी आणणार आणि रंग मी कालवणार. पोरीला भद्रकालीतले दुकानदार वाटेल ते गळ्यात मारतात.

दोर्कस


शरणपूर, नाशिक
६ नोव्हेंबर १९३६

प्रिसिला,

तुझी भिंत झाली. सविस्तर कळवते, कारण ऐकण्यासारखं आहे.

दिवाळी तोंडावर असल्याने सगळे रंगारी गावातल्या घरांत अडकलेले. तरी अब्बास माझ्यासाठी वेळ काढून आला. त्याच्या दोन मुली माझ्या हाताखाली शिवण शिकल्या, म्हणून तो मला नाही म्हणत नाही. मी आदल्या दिवशी चुना भिजवून ठेवला होता आणि बाकीचं सामान कुटून, पाण्यात विरघळवून, गाळून तयार ठेवलं होतं. अब्बासने कुंचला फिरवायला सुरुवात केली आणि भिंत हिरवी झाली. ओली असताना अगदी नदीतल्या शेवाळासारखी. हन्नाने टाळ्या वाजवल्या. ती खाली उभी राहून अब्बासला “इकडे अजून एक हात, चाचा, इकडे” असं सांगत होती आणि तो “पोरी, तू मुकादम का मी रंगारी?” म्हणत होता. संध्याकाळपर्यंत दोन हात झाले. हन्ना जेवायलासुद्धा उठेना. दारात बसून भिंतीकडे बघत राहिली. म्हणाली, “मावशी, समुद्र मी पाहिलेला नाही. असाच असतो का गं?”

मी म्हटलं, “सकाळी बघू.”

सकाळी भिंत पिवळी होती. लोखंड गंजतं तशी पिवळी. कुठे गडद, कुठे फिकट, आणि कुंचल्याचा एकेक फटकारा मोजून घ्यावा असा दिसत होता. अब्बास आपली बादली न्यायला आला आणि उंबऱ्यातच थांबला.

“अरे बाप रे, बाई! इसको तो पीलिया हो गया. कावीळ झाली की भिंतीला!”

सगुणाबाईला दुधाचं भांडं ठेवायला त्या दिवशी फार वेळ लागला. “हळद लागली म्हना की. नवरदेव कुटं हाय?”

मी हसले. मला हसू आलं, त्याला मी काय करू? पण हन्ना हसली नाही. ती भिंतीजवळ गेली, बोटाने एक जागा खरवडली, बोट बघितलं, आणि खाली बसली. मग म्हणाली, “मोरचूद जुनं असेल.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “किंवा माझंच चुकलं असेल. दुसरा हात जरा उशिरा द्यायला हवा होता.” मी दूध तापवायला आत गेले. मुलींच्या चुका त्यांच्या त्यांना सापडू द्याव्यात असं मी शाळेतही मानत होते.

कृती तुझी होती, प्रिसिला. मासिकात लिहायला निघालेल्या बाईची. नाशिकच्या भिंतीने ती मान्य केली नाही, यात भिंतीचा काय दोष?

मुंबईच्या गाडीबद्दल तिने पुन्हा विषय काढलेला नाही. दोन दिवस झाले, कामट्यांना हात लावलेला नाही. दिव्याची टोपी अर्धी तशीच पडली आहे. मी ती उचलून वर ठेवली, कोणाच्या पायाखाली जाऊ नये म्हणून.

दोर्कस


शरणपूर, नाशिक
२१ नोव्हेंबर १९३६

सौ. प्रिसिलाबाई,

आता तुम्ही लेखिका झालात तेव्हा ‘बाई’ म्हणायला हवं.

आमच्या शाळेच्या वाचनालयात तुझं ते मासिक येतं. निवृत्त शिक्षिकांना गुरुवारी दुपारी बसू देतात. मी उघडलं, आणि समोर तू. ‘थोडक्यात शोभा’, लेखिका सौ. प्रिसिला अमुकतमुक, आणि अर्धं पान भरून तुझ्या मिस्टरांनी काढलेला फोटो. खाली छापलं आहे: ‘लेखिकेने स्वहस्ते सजवलेला दिवाणखाना’.

स्वहस्ते!

खिडकीवर गोणपाटाचा पडदा. टेबलावर ठिपक्यांचं मडकं. कोपऱ्यात कामट्यांची टोपी घातलेला दिवा. आणि मध्ये तू, एक हात मांडीवर ठेवून, अगदी दमलेली कारागीर.

पावसाळ्यात हन्ना पोस्टात पार्सलं देत होती. प्रत्येक वस्तू ती दोनदा करायची, आधी तुझी, मग आमची. मी विचारलं तर म्हणायची, “आईला एक नको का?” मला वाटलं, तुझ्या घरी लावायला मागतेस. लावायलाच मागत होतीस, नाही का? आणि फोटो काढून ‘मी केलं’ म्हणायला.

म्हणशील, मी कशावरून सांगते. सांगते. तुझी मुलगी डावखुरी आहे. हे तुला ठाऊक आहे का? तुझ्याजवळ होती तेव्हा ती फक्त चमचा धरायची. कॉन्व्हेंटात डाव्या हाताने सुई धरली की बोटांवर पट्टी बसायची. मी हन्नाला कधी मारलं नाही, हात बदलायलाही लावला नाही. त्यामुळे तिच्या फुलीचा वरचा टाका उलट्या बाजूला झुकतो. मी एकतीस वर्षं मुलींच्या फुल्या तपासल्या आहेत. त्या फोटोतल्या पडद्यावरची प्रत्येक फुली उलटी आहे, आणि तू उजव्या हाताने चहाचा कप धरला आहेस.

मी ते मासिक मागून घरी आणलं आणि हन्नापुढे टेबलावर उघडून ठेवलं. हो, मुद्दाम. लपवायचं कशाला?

तिने बराच वेळ बघितलं. म्हणाली, “छान आलंय. दिवा कोपऱ्यात बरा दिसतो. मी खिडकीशी ठेवला असता.”

“खालची ओळ वाचलीस?”

“वाचली.”

मग पान उलटलं, परत मागे आणलं, पुन्हा बघितलं. “कुठे आणखी काही लिहिलंय का गं? शेवटी वगैरे?”

“काय शोधतेस?”

“काही नाही.”

तिने मासिक मिटलं आणि भाकऱ्या थापायला गेली. त्या दिवशी भाकऱ्या इतक्या गोल आणि इतक्या पातळ झाल्या की मला गिळवेना.

तू हरलीस, प्रिसिला. हे सांगायलाच आज लिहायला बसले. ती आता तुझ्याकडे येणार नाही, आणि यात मला बोट उचलावं लागलं नाही. तुझं तूच केलंस.

दोर्कस


शरणपूर, नाशिक
८ डिसेंबर १९३६

प्रिसिला,

तुझं पत्र आलं. संपादकांनी नाव गाळलं, घरातल्या घरात कसलं नाव, आई आणि मुलगी काय वेगळ्या असतात, वगैरे. हन्नालाही तू हेच लिहिलं असशील. तिने वाचून घडी घातली आणि परत लिफाफ्यात ठेवलं. मला दाखवलं नाही आणि मी मागितलं नाही.

पुढचं मी तुला सांगणार नव्हते. पण ते तुला तिच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तिखटमीठ तरी माझ्या हाताचं राहील.

मागच्या आठवड्यात हन्ना म्हणाली की नाताळापूर्वी ती भिंत परत पांढरी करते, स्वतः, रंगाऱ्याशिवाय. चुना आणायला भद्रकालीत गेली. तिथे इब्राहिमचं काष्ठौषधी आणि रंगांचं दुकान आहे. परत आली, चुन्याची पिशवी खाली ठेवली, आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“इब्राहिमचाचा विचारत होते, मावशींना परत हिराकस हवं का म्हणून.”

मी शिवत होते. म्हटलं, “म्हातारा झाला आहे तो.”

“मी म्हटलं, हिराकस नाही चाचा, मोरचूद. तर म्हणाले, नाही बेटी, बाईंनी हिराकसच मागितलं. दोनदा विचारलं मी, म्हणाले. मोरचूद निळं, हे हिरवं. बाई म्हणाल्या, हिरवंच दे.”

मी दोरा दातांनी तोडला.

“मावशी, तुला माहीत होतं ती पिवळी होणार.”

“हो.”

कॉन्व्हेंटच्या मागच्या आवाराची भिंत आठवते का? माळी चुन्यात हिराकस घालायचा, संध्याकाळी हिरवी भिंत बघून आपण झोपायला जायचो आणि प्रार्थनेला उठलो की ती पिवळी झालेली असायची. तू तर देवाचा चमत्कार समजून गुडघे टेकले होतेस. मला ते आठवत होतं. म्हणून मी हिराकस आणलं, माझ्या हाताने कुटलं, आणि माझ्या हाताने कालवलं. भिंत जमली असती तर ती मुंबईला गेली असती. तिने स्वतःच तसं सांगितलं होतं. मग मी काय करायला हवं होतं? डबा भरून द्यायचा होता?

मला पश्चात्ताप झाला आहे असं तुला वाचायचं असेल तर दुसरं कोणाचं तरी पत्र वाच.

हन्ना ओरडली नाही. तुझ्यासारखी रडलीही नाही. तिथेच उभी राहून म्हणाली, “मी आठ दिवस विचार करत होते माझं काय चुकलं. तुझ्यासमोर बसून करत होते. आईने माझं काम घेतलं आणि तू माझं काम बिघडवलंस. मला एवढंच सांग, तुम्हा दोघींमधल्या कोणाला मी हवी होते?”

मी म्हटलं, “मला.”

“मग तसं म्हणायचं होतंस ना, मावशी. ‘जाऊ नकोस’ म्हणायचं होतंस. मी राहिले असते.”

हे वाक्य मी तुला का लिहून पाठवते आहे, कळत नाही. आता लिहिलं आहे तर राहू दे.

तिने भिंतीला तीन हात दिले. तरी खिडकीखाली एका जागी पिवळं वर येतंच. मग तिने गोणपाटाचे पडदे काढले, भोपळे उतरवले, मडकं कुंभाराच्या टोपलीत परत दिलं. माझे लेसचे पडदे धुऊन, इस्त्री करून पुन्हा लावले. पितळी फुलदाणी चिंचेने घासून टेबलावर ठेवली. क्रोशाचे रुमाल खुर्च्यांवर, कुत्री कपाटात. डावं कुत्रं डावीकडे, उजवं उजवीकडे. घर अगदी पहिल्यासारखं झालं आहे. अगदी माझ्या मनासारखं.

मनमाडच्या रेल्वे वसाहतीत लहान मुलांच्या वर्गावर तिला शिक्षिकेची जागा मिळाली आहे. अर्ज तिने आपला आपण केला होता. सोमवारी गेली. टांग्यात तिची पत्र्याची ट्रंक ठेवायला मी पुढे झाले तर म्हणाली, “राहू दे, हलकी आहे.” नाताळला ती ना तुझ्याकडे येणार ना माझ्याकडे. पत्ता दोघींना ठेवून गेली आहे. तुझ्यासाठीचा सोबतच्या चिठ्ठीवर आहे.

सगुणाबाईने रिकाम्या तुळईकडे बघितलं आणि म्हणाली, “दिष्ट निघाली का बाई?”

मी तिला उत्तर दिलं नाही. तूही देऊ नकोस.

दोर्कस


शरणपूर, नाशिक
२९ डिसेंबर १९३६

प्रिसिला,

नाताळची भक्ती संपल्यावर दुसऱ्या दिवशी मी मनमाडला जाऊन आले. मला कोणी बोलावलं नव्हतं. चर्चमध्ये शेजारची जागा रिकामी होती आणि पाद्रीसाहेबांच्या बायकोने तीन वेळा विचारलं, “हन्ना दिसत नाही?” तिसऱ्यांदा मी ठरवलं, जाऊन बघून यावं, म्हणजे निदान उत्तर तरी देता येईल.

वसाहतीच्या टोकाला एका गार्डच्या घराची मागची खोली तिने घेतली आहे. इंजिनांचा आवाज चोवीस तास. मी दार वाजवलं. तिने उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाली. “ये” म्हणाली नाही, पण बाजूला झाली.

खोली पांढरी आहे. चारही भिंती, चुन्याच्या. एक खिळा नाही. खिडकीला पडदा नाही, कोनाड्यात काही ठेवलेलं नाही, जमिनीवर चटई, एक स्टूल, एक कंदील, ट्रंक. माझ्या शाळेच्या आजाऱ्यांच्या खोलीत याहून जास्त सामान होतं. तुझं पार्सल दाराशी होतं, दोरी न सोडलेली. माझ्या पिशवीत तिच्यासाठी केलेला उशीचा अभ्रा होता, कडेला लेस लावलेला. तुझं पार्सल बघून मी पिशवी पायाशी सरकवली.

तिने चहा केला. मी स्टुलावर बसले, ती चटईवर.

“भिंती बघतेयस,” ती म्हणाली.

“कोण म्हणतं?”

“मग बघ की. मी हात फिरवलाय, एका दमात.”

“सारखा बसला आहे,” मी म्हटलं. खरोखरच बसला होता. कुंचल्याचा एक फटकारा दिसत नव्हता. मी शिकवलेलं नाही ते. अब्बासचा हात बघून शिकली असेल. “पण काही तरी लावशील ना? एखादं चित्र तरी?”

“लावीन. किंवा नाही लावणार. ते मला ठरवू दे.”

“आणि ते तुझं कामट्यांचं वगैरे?”

“मुलांना शिकवते. परवा एका पोराने कणसाच्या सालीची होडी केली. अर्धी रेल्वेच्या काळ्या तेलात बुडवून आणली, आणि म्हणतो, बाई, ही मालगाडीची होडी.” आणि ती हसली, प्रिसिला. ओट्यावर हसायची तशीच. मी चहात बघत राहिले.

मग मी तिला म्हटलं. जे त्या दिवशी म्हणायला हवं होतं असं तिला वाटतं, ते म्हटलं. शब्द सांगणार नाही, ते तुझ्यासाठी नव्हते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आता नाही, मावशी.” आणि माझा कप भरला.

गाडीच्या वेळेला स्टेशनवर पोचवायला आली. मी चढल्यावर खिडकीशी उभी राहून म्हणाली, “ईस्टरनंतर सुट्टी आहे. आईला कळव, यायचं असेल तर ये म्हणावं. पण तुम्ही दोघी मिळून या. वेगवेगळ्या आलात तर मला तेच भांडण दोनदा ऐकावं लागेल.”

मी म्हटलं, “मी तिच्याबरोबर एका डब्यात बसायची नाही.”

“मग दोघी येऊ नका.” शिट्टी झाली. “आणि हात हलवत यायचं. तीही आणि तूही. काही आणलंत तर दारातूनच परत पाठवीन.”

म्हणून हे पत्र. तुला माफ केलं असं त्याच्या आत शोधू नकोस, ते नाही. फोटोखालची ओळ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि माझं हिराकस तुझ्या डोळ्यांसमोर असेल. तू मला काय काय म्हणतेस ते मला अंदाजाने माहीत आहे; त्यातलं निम्मं माझं तुझ्याबद्दल आधीच म्हणून झालं आहे.

ईस्टरनंतरच्या शनिवारी मुंबईहून सकाळच्या गाडीत बस. नाशिक रोडला मी बायकांच्या डब्यात चढेन. माझ्यासाठी जागा धरलीस तर बसेन, आभार मानणार नाही. पडद्यांवर, रंगांवर आणि आपल्या लहानपणावर बोलायचं नाही. पार्सल नाही, फुलं नाहीत, मासिक नाही. मीही अभ्रा घरीच ठेवून येते.

आणि एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे तिच्या दारात तमाशा नको. त्या खोलीत बसायला एकच स्टूल आहे. तू बसायचं की मी, हे आपण निफाड ओलांडायच्या आत ठरवून टाकू.

दोर्कस